रातंजनकरांचे लखनौ : एका गवयाने पत्करलेल्या प्राचार्यपदाचे प्रकरण

संगीताच्या विद्यापीठीय शिक्षणाचा विषय निघाला की जाणकारांच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतो, ‘कॉलेजात गवई तयार होत नाहीत.’ म्हणणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. वर्षाअखेर पदवी हातात पडते, पण तानपुरा घेऊन अर्धा तास राग मांडायला सांगितला तर दहाव्या मिनिटाला सामग्री संपते, असे विद्यार्थी सगळ्यांनीच पाहिले आहेत. तरीही हे म्हणणे तपासून घ्यायला हवे, आणि त्यासाठी पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या कारकिर्दीसारखे प्रकरण मला दुसरे दिसत नाही. जवळजवळ तीन दशके एका संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य, नंतर कलेसाठीच स्थापन झालेल्या विद्यापीठाचे कुलगुरू, मधल्या काळात रेडिओसाठी कलावंतांचे परीक्षक, आणि मुळात आग्रा घराण्याचे गवई फैयाझ खाँसाहेबांचे शागीर्द. संस्था आणि घराणे, म्हणजे गुरूकडून शिष्याकडे चालत आलेली गायकीची परंपरा, या दोन्ही बाजू त्यांच्या एकट्याच्या आयुष्यात सामावल्या होत्या.

दोन शिक्षणे

रातंजनकरांचा जन्म १८९९ सालच्या ३१ डिसेंबरचा, मुंबईचा. वडील पोलीस खात्यात नोकरीला आणि गाण्याचे शौकीन. सातव्या वर्षी मुलाला कारवारकडच्या कृष्णम भट्ट यांच्याकडे सोपवले. भट्टजी स्वराच्या बाबतीत फार कडक. चीज, म्हणजे बंदिश, शिकवण्याची त्यांना घाई नव्हती, आधी स्वर जागेवर बसला पाहिजे. पुढे अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, यांच्याकडे ग्वाल्हेरची तालीम झाली. आणि त्याच सुमारास पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्याशी गाठ पडली.

भातखंडे पेशाने वकील. गावोगावी फिरून, घराण्याघराण्यांतल्या उस्तादांसमोर बसून त्यांनी बंदिशी मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले, रागांची दहा थाटांत, म्हणजे स्वरांच्या दहा मूळ गटांत, मांडणी केली. गाणे छापील पानावर येऊ शकते आणि ते वर्गात शिकवता येते, यावर त्यांचा विश्वास होता. पण या मुलाच्या बाबतीत त्यांनी जे केले ते त्यांच्या टीकाकारांनी नीट लक्षात घेतलेले नाही. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. महाराज सयाजीरावांचा आश्रय होता, आणि दरबारी गायक होते आग्रा घराण्याचे फैयाझ खाँ. भातखंड्यांच्या शिफारशीने रातंजनकरांना बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१७ ते १९२२ अशी पाच वर्षे ते खाँसाहेबांकडे शिकले. ज्या माणसावर ‘उस्तादांना मोडीत काढून पुस्तके पुढे आणणारा’ असा शिक्का बसला, त्यानेच आपला सर्वांत लाडका विद्यार्थी उस्तादाच्या पायाशी नेऊन बसवला. एकट्या पुस्तकाने हा मुलगा गवई होणार नाही, हे भातखंड्यांना पक्के ठाऊक होते.

बडोद्याहून परतल्यावर रातंजनकरांनी कॉलेजचे शिक्षण पुरे केले आणि १९२६ साली विल्सन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या काळात पदवीधर गवई दुर्मीळच. आग्रा घराण्याची नोमतोम (निरर्थक अक्षरांतली आलापी) आणि बोलबनाव (बंदिशीच्या शब्दांची सजावट) गळ्यात, स्वरलेखन हातात, इंग्रजी आणि संस्कृतचा अभ्यास. हा तरुण मैफलीच्या रस्त्याने गेला असता तर कुठवर पोहोचला असता, याचा अंदाज त्यांचे समकालीन पुढेही करत राहिले. तो त्या रस्त्याने गेला नाही.

मॅरिस कॉलेज

लखनौला १९२४ आणि १९२५ साली अशा लागोपाठ दोन संगीत परिषदा झाल्या. तिथे एक कायमस्वरूपी महाविद्यालय काढायचे ठरले. राय उमानाथ बली यांनी पुढाकार घेतला, संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली पाठीशी उभे राहिले, आणि १९२६ साली गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने महाविद्यालय सुरू झाले. कैसरबागेत ज्या परीखान्यात वाजिद अली शाहच्या दरबारातल्या मुली नाच-गाणे शिकत, तो परीखाना पुढे याच महाविद्यालयाचे घर झाला. पहिले प्राचार्य माधवराव जोशी. रातंजनकर सुरुवातीला अध्यापक होते; १९२८ साली प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. वय अठ्ठावीस.

हा निर्णय या प्रकरणाच्या मुळाशी आहे. अठ्ठावीस हे ख्यालगायकाचे वय नव्हे, उमेदवारीचे वय. आवाज नुकता पक्का होत असतो. गावोगावच्या परिषदा, संस्थानी दरबार, ग्रामोफोन कंपन्या आणि थोड्याच काळात रेडिओ, असे सगळे दरवाजे उघडण्याचा तो काळ होता. अशा वेळी रोज सकाळी हजेरीपटापासून संध्याकाळच्या वर्गापर्यंतचे काम अंगावर घेणे म्हणजे गळ्याच्या उमेदीच्या वर्षांवर पाणी सोडणे. त्यातून संस्था श्रीमंत नव्हती. ती देणग्या आणि अनुदानावर चाले, पगार वेळेवर होईलच याची शाश्वती नसे. सरकारने ती पूर्णपणे ताब्यात घेतली ती १९६६ साली, तेव्हा रातंजनकर तिथून जाऊन जवळजवळ दहा वर्षे झाली होती.

वर्गात काय शिकवले जाई? भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’तले राग, लक्षणगीते (रागाची लक्षणे सांगणारी गीते), सरगमी, ख्याल, ध्रुपद-धमार, रागांचे आरोह-अवरोह, वादी-संवादी (रागातले मुख्य दोन स्वर), थाट, ठरलेल्या वर्षांनंतर ‘विशारद’, त्यापुढे ‘निपुण’. एका वर्गात वेगवेगळ्या आवाजांचे, वेगवेगळ्या कुवतीचे दहा-पंधरा जण. हार्मोनियमच्या काळी चार पट्टीत गाणारी मुलगी आणि काळी एक पट्टीतला मुलगा एकाच तानपुऱ्यावर बसवायचे, तेव्हा कुणाचा तरी गळा आखडणारच. गवई होण्यासाठी गुरूच्या समोर एकट्याने बसून चुकावे लागते, तीच जागा शंभर वेळा घ्यावी लागते, आणि ते घड्याळी तासांत बसत नाही. कॉलेजविरुद्धचा आक्षेप इथपर्यंत बरोबर आहे आणि रातंजनकरांना तो इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होता, कारण त्यांनी स्वतः बडोद्याला पाच वर्षे दुसऱ्या पद्धतीने काढली होती.

म्हणून त्यांनी दुसरी शाळा घरी चालवली.

कृष्णराव गिंडे, म्हणजे के. जी. गिंडे, बेळगावजवळच्या बैलहोंगलचे. १९३६ साली, वयाच्या अकराव्या वर्षी ते लखनौला आले आणि रातंजनकरांच्या घरात मुलासारखे राहिले. चिदानंद नगरकर आणि एस. सी. आर. भट असेच लांबून, कन्नड-कोंकणी मुलखातून आलेले. या मुलांचा दिवस कॉलेजच्या घंटेने सुरू होत नसे आणि संपतही नसे. पहाटेचा खर्ज (खालच्या स्वरांचा रियाझ), घरातली कामे, दुपारी वर्ग, रात्री पुन्हा अण्णासाहेबांच्या, म्हणजे रातंजनकरांच्या, समोर. अण्णासाहेब बंदिश रचत असतील तर तिचा पहिला आकार या मुलांच्याच कानावर पडे. गिंड्यांच्या स्मरणात हजारोंच्या घरात बंदिशी होत्या असे त्यांना ऐकलेले लोक सांगतात. तो साठा परीक्षेच्या तयारीतून येत नसतो.

लखनौच्या यशाचे श्रेय बहुतेक जण अभ्यासक्रमाला देतात किंवा भातखंड्यांच्या पद्धतीला. मला ते अपुरे वाटते. कॉलेज टिकले आणि नावाला आले ते त्याच्या पोटात एक गुरुकुल होते म्हणून, आणि त्या गुरुकुलाचा पगार कुणी देत नव्हते. कॉलेज बहुतांसाठी, घर मोजक्यांसाठी, आणि दोन्हीकडे शिकवणारा माणूस एकच. तो माणूस गेल्यावर अभ्यासक्रम शिल्लक राहिला, घर राहिले नाही. देशभरच्या संगीत विभागांनी लखनौकडून उचलला तो अभ्यासक्रम. घर त्यांना दिसलेच नाही.

वर्गातल्या शिक्षणाला मी कमी लेखत नाही. मॅरिस कॉलेजातून गेलेल्यांची नावे पाहिली की थक्क व्हायला होते. चित्रपट-संगीतकार रोशन तिथे शिकले. तलत महमूद तिथलेच. सुमती मुटाटकर पुढे दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विद्याशाखेच्या प्रमुख झाल्या. मूळचे वाईचे व्हायोलिनवादक वि. गो. जोग तिथे शिकवत होते. सिंहली संगीतातले सुनील शांत आणि पुढे अमरदेव लंकेहून तिथे आले. हे सगळे ख्यालगायक झाले नाहीत, आणि व्हायला हवेत असेही नव्हते. रागाची समज घेऊन कुणी चित्रपटात गेले, कुणी शाळेत, कुणी रेडिओ केंद्रावर, तर बरेच जण नुसते चांगले श्रोते झाले. चांगल्या घरातली मुलगी गाणे शिकायला घराबाहेर जात नसे, अशा काळात संस्थेचा हजेरीपट ही तिच्यासाठी केवढी मोठी सोय होती, हेही विसरू नये. गुरूच्या घरी राहण्याची मुभा तेव्हा किती मुलींना असणार होती?

‘सुजन’

रातंजनकरांची उपलब्ध ध्वनिमुद्रणे ऐकताना आवाज थकलेला वाटतो. आलापीची बांधणी, रागाच्या एकेका अंगाला हात घालण्याची शिस्त, लयीशी खेळणारे बोल, सगळे आग्र्याचे आणि अस्सल. पण गळा त्या कल्पनेच्या मागे पडतो आहे हे लपत नाही. प्राचार्यपदाची किंमत ती हीच. मी ती हळहळ म्हणून सांगत नाही, प्रकरणाच्या ताळेबंदात ती लिहिलीच पाहिजे म्हणून सांगतो.

पण त्यांच्यातला गवई गप्प बसला नाही, तो वाग्गेयकार, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही रचणारा, झाला. ‘सुजन’ या मुद्रेने (बंदिशीत गुंफलेल्या टोपणनावाने) त्यांनी शेकडो बंदिशी रचल्या. ‘अभिनव गीतमंजरी’चे तीन भाग त्यांनीच भरले आहेत. ख्याल, ध्रुपद, तराणे, लक्षणगीते, संस्कृत रचना. केदारबहार, मार्गबिहाग, सावनी केदार हे राग त्यांचे. कर्नाटक संगीताचा अभ्यास होता, त्यातून सालगवराळीसारखा राग त्यांनी हिंदुस्थानी वळणाने मांडला. अवघड रागाची लक्षणे विद्यार्थ्याला व्याख्येतून सांगण्याऐवजी एका घट्ट बंदिशीतून कळावीत, ही शिक्षकाची निकड. आणि ती बंदिश गाताना रंगली पाहिजे, ही गवयाची. त्यांच्या चांगल्या रचनांत या दोन गरजा वेगळ्या काढता येत नाहीत. गिंड्यांनी पुढे स्वतःच्या रचनांसाठी ‘सुजनसुत’ ही मुद्रा घेतली.

परीक्षकाच्या खुर्चीत

आता या प्रकरणाचा अवघड भाग. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, स्वतः ध्रुपद शिकलेले, शास्त्रीय संगीताबद्दल अतिशय कळकळ असलेले आणि तितकेच हट्टी. त्याच वर्षी आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, चित्रपटगीतांना कात्री लागली, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नव्याने परीक्षा घेऊन त्यांना श्रेणी देण्याचे ठरले. या परीक्षक मंडळावर केसकरांनी रातंजनकरांना आणले.

कल्पना वाईट नव्हती. केंद्रावरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीने कार्यक्रम मिळण्यापेक्षा, पडद्याआडून आलेला आवाज ऐकून मंडळाने श्रेणी ठरवावी, तीनुसार मानधन मिळावे, यात न्यायाची शक्यता होती. पण गाण्याबरोबर रागाची शास्त्रीय माहितीही विचारली जाऊ लागली, आणि तिथे ठिणगी पडली. ज्याच्या घरात पाच पिढ्या दरबारी गायला जातो, त्याला दरबारीचा थाट कोणता हे सांगता येईलच असे नाही. त्याला दरबारीचा गंधार माहीत असतो, तो कसा हलवायचा आणि किती वेळ हे माहीत असते. थाट हा शब्दच मुळी त्याच्या घरच्या तालमीतला नव्हता. अशा माणसाला, लखनौच्या प्राचार्यांनी पेपर काढल्यासारखे प्रश्न विचारावेत, याचा संताप येणे साहजिक होते. पुष्कळ कलावंतांनी विरोध केला, काहींनी परीक्षेला बसायलाच नकार दिला. टीकेचा सगळा मारा रातंजनकरांवर झाला.

माझे मत स्पष्ट आहे. पडद्याआडची परीक्षा योग्य होती, शास्त्राचे प्रश्न चूक होते. आणि ही चूक रातंजनकरांकडून व्हावी याचे जास्त वाईट वाटते, कारण त्यांना दोन्ही भाषा येत होत्या. फैयाझ खाँसाहेब १९५० साली गेले. ते हयात असते आणि पडद्यामागे बसले असते, तर त्यांना वादी-संवादी विचारण्याचे त्यांच्या या शिष्याच्या मनातही आले नसते. प्राचार्याची सवय गवयाच्या समजेवर मात करून गेली, ती इथे.

१९५२ सालीच दुसरी घटना कोलंबोत घडली. रेडिओ सिलोनने तिथल्या कलावंतांच्या श्रेणी ठरवण्यासाठी रातंजनकरांना बोलावले. सुनील शांत यांनी परीक्षा द्यायला नकार दिला. हे सुनील शांत कोण? लखनौच्या रातंजनकरांच्याच कॉलेजातून १९४४ साली उत्तम गुणांनी विशारद झालेले. परत गेल्यावर त्यांनी सिंहली भाषेच्या स्वतःच्या चालीवर उभे राहणारे, हिंदुस्थानी रागांचे अनुकरण टाळणारे गाणे घडवायला घेतले होते. त्या गाण्याची प्रत हिंदुस्थानी पंडिताने ठरवावी हे त्यांना मान्य नव्हते. नकारामुळे रेडिओवरून ते बरीच वर्षे दूर राहिले. विशेष म्हणजे रातंजनकरांनी त्या दौऱ्यात तिथल्या संगीतकारांना सांगितले ते हेच, की तुमच्या नव्या संगीताचा पाया तुमच्या लोकगीतांत शोधा. विचाराने गुरू आणि शिष्य फारसे दूर नव्हते. मध्ये आली ती परीक्षेची खुर्ची. मला हा प्रसंग आकाशवाणीच्या सगळ्या वादापेक्षा जास्त बोलका वाटतो. विद्यार्थ्याला इतके शिकवावे की तो आपल्यालाच नाही म्हणू शकेल, हे ज्या संस्थेला जमते तिला अपयशी कसे म्हणणार?

पुढची वर्षे

१९५६ साली खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू केले. खैरागढ तेव्हा मध्य प्रदेशात, आता छत्तीसगडमध्ये. १९५७ ते १९६० रातंजनकर तिथे कुलगुरू होते. १९५७ सालीच पद्मभूषण, १९६३ साली संगीत नाटक अकादमीचे फेलो. तोवर मुंबईत त्यांच्या घरच्या शाळेतले विद्यार्थी उभे राहिले होते. नगरकरांनी भारतीय विद्या भवनातले संगीत विद्यालय घडवले, गिंडे आधी तिथे आणि नंतर स्वामी वल्लभदासांच्या शीव येथील वल्लभ संगीतालयात. दिनकर कैकिणी, भट हेही याच शिष्यपरिवारातले. पं. सी. आर. व्यास आधीच नावाजलेले असताना अण्णासाहेबांकडून विद्या घेत होते. १४ फेब्रुवारी १९७४ रोजी रातंजनकर गेले तेव्हा त्यांच्या मागे गवई होते, आणि ते कॉलेजच्या प्राचार्यांनी तयार केलेले होते.

आजच्या विभागांसाठी

आकाशवाणीची श्रेणीपद्धत त्या वादातून तगून राहिली. आजही ‘ए ग्रेड’, ‘बी हाय’ हे शब्द कलावंतांच्या परिचयात असतात. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी या श्रेणींना आणखी एक काम दिले. संगीताचा सहायक प्राध्यापक नेमताना नेट-पीएच.डी.च्या मार्गाबरोबरच कलावंतासाठी वेगळा मार्ग ठेवला आहे : नामांकित गुरूकडे तालीम झालेली असावी, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी असावी, विषय तर्काने समजावून सांगता यावा आणि प्रात्यक्षिकासह शास्त्र शिकवता यावे. गुरूची तालीम, तर्काने समजावणे आणि प्रात्यक्षिकासह शिकवणे ही लक्षणे रातंजनकरांत एकत्र होती. म्हणजे १९५२ सालचे भांडण नियमापुरते तरी मिटले : घराण्याची तालीम आणि शास्त्राची उकल, दोन्ही हवीत.

नियमात जे नाही ते मात्र लखनौला सर्वांत महत्त्वाचे होते. विद्यार्थ्याला एका गुरूसमोर किती तास एकट्याने बसायला मिळेल, यावर कुठेही एक ओळ नाही. महाराष्ट्रातल्या संगीत विभागांत तासिका तत्त्वावर शिकवणारे उत्तम गायक-वादक मी पाहिले आहेत. त्यांना दर तासाचे पैसे मिळतात, तास संपला की वर्ग रिकामा करावा लागतो, पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही ठाऊक नसते. अशा शिक्षकाकडून दहा वर्षांची तालीम कशी अपेक्षावी? एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक कायम गुरू नेमून द्यावा, आठवड्यातले काही तास एकास एक शिकवणीसाठी राखून ते अध्यापकाच्या कार्यभारात धरावेत, आणि विभागाच्या खोल्या रात्री नऊपर्यंत रियाझासाठी उघड्या ठेवाव्यात. रातंजनकरांनी हे स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चाने केले. तीच व्यवस्था विद्यापीठाने आपल्या अंदाजपत्रकातून करावी, एवढीच मागणी आहे.